गुरं आणि कुऱ्हाड एकाच रानात: पाइनच्या लागवडीतली गवताची शेती



आपल्याकडे गाव सुधारायचं म्हटलं की दोन शब्द हमखास येतात: चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी त्या बंदीतून काय मिळवलं, हे इथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर पुन्हा हिरवळ आणायची तर काही वर्षं दोन्ही थांबवावं लागतं, यात वाद नाही. पण आज आपण ज्या शेतीबद्दल बोलणार आहोत, तिथे नेमकं उलट आहे. तिथे गुरं चरलीच पाहिजेत आणि कुऱ्हाडही चाललीच पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी थांबलं तरी ती शेती मोडते.

इंग्रजीत या पद्धतीला 'सिल्व्होपाश्चर' म्हणतात. सिल्व्हा म्हणजे वन, पाश्चर म्हणजे कुरण. आपण तिला वनकुरण म्हणू. एकाच जमिनीवर इमारती लाकडाची झाडं, त्यांच्या मधल्या पट्ट्यांत चांगलं गवत आणि त्या गवतावर ठरवून चरणारी गुरं, अशी ही तिघांची जुळणी. 'ठरवून' हा शब्द लक्षात ठेवा. जंगलात गुरं सोडून देणं म्हणजे वनकुरण नव्हे. तशी गुरं आपल्याकडेही सोडतात आणि अमेरिकेतही सोडत. त्यात झाडांचं भलं होत नाही आणि गुरांचंही पोट भरत नाही.

हा प्रकार जगात बऱ्याच ठिकाणी आहे. आपण मुख्य उदाहरण घेणार आहोत ते अमेरिकेच्या आग्नेय भागाचं, म्हणजे फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा या पट्ट्याचं. तिथे पाइनची लाकूडशेती आणि मांसासाठीची गुरं हे दोन्ही धंदे शेजारी शेजारी मोठे झाले. शेवटी थोडं आपल्याकडे येऊ.

आधी तिथलं रान समजून घेऊ

युरोपीय लोक यायच्या आधी व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत सुमारे ९ कोटी एकरांवर लाँगलीफ पाइनचं रान होतं. नावाप्रमाणे याची सुईसारखी पानं लांब असतात, कधी कधी दीड फुटापर्यंत. पण आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य आणू नका. झाडं उंच आणि विरळ, आणि खाली सगळं गवत. म्हणजे निसर्गातच तिथे एक प्रकारचं वनकुरण होतं. ते तसं राहायचं ते आगीमुळे. विजेने लागलेली आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी लावलेली आग दर काही वर्षांनी जमिनीलगत धावून जायची. रुंद पानांची झाडंझुडपं जळायची, गवत पुन्हा फुटायचं आणि पाइन टिकायचा. या पाइनचं रोप पहिली काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखंच दिसतं. वाढीचा कोंब पानांच्या झुबक्यात लपलेला असतो, त्यामुळे वरून आग गेली तरी तो वाचतो.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी गुरं आणली. पुढे वसाहतवाल्यांनी तीच या रानात मोकळी सोडली. कुंपण घालायचं ते पिकाला, गुरांना नाही. गुरांच्या अंगावर डाग देऊन खूण करायची आणि वर्षातून एकदा हाकून गोळा करायची. फ्लोरिडात ही मोकळी चराई थेट १९४९ सालापर्यंत चालली, तेव्हा कायद्याने गुरांना कुंपणात ठेवणं मालकावर बंधनकारक केलं. थंडी सरता सरता रान पेटवून द्यायचं, म्हणजे पुढे कोवळं गवत येतं, हे तिथल्या गुराख्यांचं नेहमीचं तंत्र होतं. आपल्या सह्याद्रीतही डोंगर पेटवणाऱ्यांचा तर्क हाच असतो.

मग वनशास्त्र शिकलेले लोक आले. त्यांना आग म्हणजे शत्रू आणि गुराखी म्हणजे अडाणी वाटला. १९२८ ते १९३१ या काळात तर ट्रकवर सिनेमाचं यंत्र लादून गावोगाव आगीविरुद्ध प्रचार केला गेला. इकडे जुनं लाँगलीफ रान तोडून संपत आलं होतं, आणि नव्या लागवडीत स्लॅश आणि लॉबलॉली हे लवकर वाढणारे पाइन आले, तेही दाट. झाडं एका कुंपणात, गुरं दुसऱ्या कुंपणात. एकीकडे गवत नाही, दुसरीकडे सावली नाही.

आज त्या ९ कोटी एकरांपैकी लाँगलीफचा अगदी थोडा भाग उरला आहे. आग थांबवणं ही चूक होती, हे वनशास्त्रानेही पुढे मान्य केलं, आणि आता तिथे ठरवून, वारा बघून जमीन जाळतात. गुराख्याचं सगळंच बरोबर होतं असं आम्ही म्हणत नाही. मोकाट डुकरांनी लाँगलीफच्या रोपांची मुळं उकरून खाल्ली आणि मोठमोठे पट्टे पुन्हा उगवूच दिले नाहीत, हेही त्याच मोकळ्या चराईचं फळ. पण 'झाड आणि गुरं एकत्र नांदूच शकत नाहीत' हे म्हणणं त्या भूमीच्या इतिहासाला धरून नव्हतं, एवढं नक्की.

शेतकरी हे का करतो?

पर्यावरण वगैरे नंतर. आधी पैशाकडे बघू, कारण निर्णय तिथेच होतो.

पाइनची लागवड केली की पहिलं उत्पन्न साधारण १२ ते १८ वर्षांनी, पहिल्या विरळणीच्या वेळी. तेही लगद्याचं लाकूड, म्हणजे कागदासाठीचं, स्वस्तातलं. खरे पैसे जाड, सरळ, गाठी नसलेल्या ओंडक्याचे. त्याच्या फळ्या निघतात, आणि टनामागे त्याला लगद्याच्या लाकडाच्या कित्येक पट भाव मिळतो. पण तो ओंडका तयार व्हायला २५ ते ३५ वर्षं लागतात.

आता साधा हिशेब करू. ६ टक्के व्याज धरलं तर ३० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत सुमारे १७ रुपये. १५ वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची सुमारे ४२. म्हणजे झाड कितीही सुंदर वाढलं तरी वाट बघण्याची किंमत मोठी आहे. आणि माणसाच्या आयुष्यात ३० वर्षं म्हणजे काय? चाळिशीत रोप लावणारा सत्तरीत तोडणार. मधे मुलांची शिक्षणं, दवाखाना, कर्जाचे हप्ते, जमिनीचा कर. हे कोण भागवणार?

ते गुरं भागवतात. गाईला दरवर्षी वासरू होतं आणि दरवर्षी वासरं बाजारात जातात. झाड म्हणजे मुदत ठेव आणि गाय म्हणजे चालू खातं, असं समजा. केवळ मुदत ठेवीवर घर चालत नाही. नुसत्या चालू खात्यावर चालतं, पण मोठी शिल्लक पडत नाही, आणि गुरांचा बाजार पडला की हातात काही राहत नाही.

त्या भागात आणखी दोन बारीक उत्पन्नं आहेत. पाइनच्या वाळून पडलेल्या सुया गोळा करून बागांत आच्छादनासाठी विकतात, तिला तिथे 'पाइन स्ट्रॉ' म्हणतात. आणि शिकारीसाठी जमीन हंगामापुरती भाड्याने देतात. विरळ झाडं आणि खाली गवत असलं की हरणं, लाव्हे, टर्की यांनाही ते रान मानवतं.

सगळा खेळ उजेडाचा

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. झाड आणि गवत यांचं भांडण पाणी आणि खतासाठीही असतंच, पण पावसाच्या प्रदेशात मुख्य भांडण उजेडाचं असतं. झाडाचं छत्र जसजसं मिटत जातं, तसतसं गवत मरत जातं. अर्ध्या उजेडापर्यंत बरीच गवतं तग धरतात. थंडीतली गवतं आणि क्लोव्हरसारखी द्विदल वैरण तर अर्धवट सावलीत जवळपास उघड्यावरइतकीच वाढते, आणि उन्हाळ्यात कधी कधी जास्त काळ हिरवी राहते. बहियासारख्या उन्हाळी गवतांना जास्त ऊन लागतं, पण माफक सावली तीही सोसतात. सावली त्यापुढे गेली की मात्र उतार सुरू होतो.

म्हणून पहिला प्रश्न हा: तीच झाडं वेगळ्या मांडणीने लावली तर मधे उजेड राहील का?

नेहमीच्या लागवडीत समजा ६ फूट बाय १२ फुटांवर रोप लावलं, तर एकरी ६०५ रोपं बसतात. सगळीकडे सारखी सावली, आणि सात-आठ वर्षांत गवताचा निरोप. आता दुसरी मांडणी बघा. ती तिथे चाचण्यांतून पुढे आली आणि आजही शिकवली जाते. झाडांच्या जोडओळी लावायच्या. ओळीत दोन झाडांमधलं अंतर ४ फूट, जोडीतल्या दोन ओळींमधे ८ फूट, आणि एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत ४० फुटांचा मोकळा पट्टा. कागदावर मांडून बघा, एकरी सुमारे ४५४ झाडं बसतात. म्हणजे झाडं एक चतुर्थांशाने कमी, पण गवताला ४० फुटांचा उघडा पट्टा. शिवाय प्रत्येक झाडाची एक बाजू मोकळी, त्यामुळे त्याला उजेड भरपूर, आणि खोड लवकर जाड होतं.

पट्ट्याची रुंदी ठरवताना तिथले लोक आणखी एक गोष्ट बघतात, ती म्हणजे आपलं गवत कापायचं यंत्र. ४० फुटांत यंत्राच्या पूर्ण फेऱ्या बसल्या पाहिजेत, नाहीतर कडेला अर्धवट पट्टी राहते आणि दरवर्षी कटकट. जमीन उताराची असेल तर ओळी समपातळीत धरायच्या, आपल्या बांधबंदिस्तीसारख्या.

पण मोकळ्या बाजूचा एक तोटा आहे. ज्या बाजूला उजेड, त्या बाजूला फांद्या जाड होतात. जाड फांदी म्हणजे लाकडात मोठी गाठ, आणि गाठ म्हणजे भाव पडला. दाट रानात खालच्या फांद्या अंधारात आपोआप मरतात, इथे त्या मरत नाहीत. म्हणून छाटणी करावी लागते. खालच्या १६-१७ फुटांपर्यंतचं खोड टप्प्याटप्प्याने स्वच्छ करायचं, कारण झाडाची बहुतेक किंमत त्या पहिल्या ओंडक्यातच असते. एकदम सगळ्या फांद्या काढल्या तर झाडाची वाढ खुंटते, म्हणून दोन-तीन वेळा. हे काम कष्टाचं आहे आणि मजुरी लागते. वनकुरणात ते टाळून चालत नाही.

पहिल्या वर्षापासून शेवटच्या तोडीपर्यंत

समजा एका कुटुंबाचं कुरण आहे आणि त्यांनी त्यात पाइन लावायचं ठरवलं. वर्षानुवर्षं काय काय होतं ते बघू.

पहिली दोन-तीन वर्षं गुरं त्या तुकड्यात जात नाहीत. गाय पाइन आवडीने खात नाही, पण कोवळा शेंडा तोडते, अंग घासते, पाय देते. रोपाचा शेंडा गुराच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत थांबायचं. मग त्या वर्षांचं उत्पन्न? मधल्या पट्ट्यातलं गवत कापून वाळवून गठ्ठे बांधायचे. हे चराईबंदीचंच तत्त्व आहे, फक्त त्याला मुदत आहे. ओळींतलं गवत मात्र मारावं लागतं, कारण या वयात भांडणात गवत जिंकतं.

पुढे चौथ्या-पाचव्या वर्षापासून हलकी चराई. कुरणाचे लहान तुकडे पाडायचे आणि गुरं आळीपाळीने फिरवायची. आपल्याकडे शेतकरी रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात ना, तशाच विजेच्या तारेने हे तुकडे पाडतात. तार हलवता येते, त्यामुळे आज इथे, चार दिवसांनी तिथे. गवत एका ठरावीक उंचीखाली गेलं की गुरं पुढे. झाडांना इजा बहुतेक वेळा तेव्हाच होते, जेव्हा गवत संपलेलं असतं आणि गुरं तरी तिथेच असतात. पाण्याची टाकी आणि मिठाची वीट झाडांपासून लांब ठेवतात, म्हणजे गर्दी तिथे होते. पावसाने जमीन भिजलेली असेल तर गुरं बाहेर, नाहीतर खुरांनी माती घट्ट होते आणि झाडांची मुळं गुदमरतात.

साधारण १५ व्या वर्षाच्या आसपास पहिली विरळणी. वाकडी, दबलेली, रोगट झाडं काढायची आणि चांगली ठेवायची. पुढे पाच-सात वर्षांनी पुन्हा. एकरी ४५० ने सुरू केलेल्या रानात शेवटपर्यंत शंभर किंवा त्याहूनही कमी झाडं उरतात. दर विरळणीनंतर उजेड आत येतो, गवत उसळतं, गुरांची संख्या थोडी वाढवता येते. छत्र पुन्हा मिटू लागलं की पुन्हा कुऱ्हाड. शेवटी २५ ते ३५ वर्षांच्या दरम्यान मोठी तोड, आणि नवा फेरा.

दुसरा रस्ता उलटा आहे: आधीच दाट पाइन उभा आहे, त्यात कुरण करायचं. विरळणी करायची, फांद्यांचा कचरा आवरायचा, माती तपासायची. पाइनखालची माती बहुधा आम्ल असते, म्हणून चुना टाकावा लागतो. मग गवत पेरायचं आणि त्याची मुळं पक्की धरेपर्यंत थांबायचं. या रस्त्याने पैसे लवकर हाती येतात, पण बुंधे आणि कचरा यांच्यामधून यंत्र चालवणं जिकिरीचं असतं.

गुरांना काय मिळतं?

सावली. फ्लोरिडातल्या दमट उन्हाळ्यात उघड्या कुरणातली गाय धापा टाकते, दुपारी चरायचं सोडून एकुलत्या एका झाडाखाली गर्दी करून उभी राहते. सगळं शेणही मग त्या एका झाडाखाली पडतं. ओळींची सावली कुरणभर पसरलेली असली की गुरं पसरतात, शेणखत पसरतं आणि दुपारीही चरणं चालू राहतं. हिवाळ्यात याच ओळी गार वारा अडवतात.

इथे एक आपला धागा आहे. या उष्ण भागात जी ब्राह्मण जातीची आणि तिच्या संकराची गुरं पाळतात, ती जात अमेरिकेत भारतीय गुरांपासून तयार झाली. त्यात गीर, ओंगोल, कांकरेज आहेत आणि कृष्णाकाठची जातही आहे. त्या पाइनच्या सावलीत उभ्या असलेल्या गाईचं वशिंड बघितलंत तर अनोळखी वाटणार नाही.

मात्र कोणतं झाड आणि कोणतं जनावर, हे बघावंच लागतं. गाय मुख्यतः गवत चरते, शेळी पाला ओरबाडते, मेंढी दोन्हींच्या मधे. कोवळ्या लागवडीत शेळ्या म्हणजे संकट. आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या पाँडेरोसा पाइनच्या सुया गाभण गाईने शेवटच्या महिन्यांत जास्त खाल्ल्या तर गाय गाभडते. त्या सुयांत तसं रसायनच आहे. एका ठिकाणची जोडी उचलून दुसरीकडे नेली की अशा गोष्टी उशिरा आणि महागात कळतात.

जिथे हे जमलं नाही

यश सांगणारे पुष्कळ असतात. आम्हाला न्यूझीलंडची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते.

१९७० च्या दशकात तिथे मोठी आशा होती: मेंढ्यांच्या कुरणात रेडिआटा पाइन विरळ लावू, म्हणजे लोकरही आणि लाकूडही. रोटोरुआजवळ टिकिटेरे इथे १९७३ मध्ये एक मोठा प्रयोग लावला. हेक्टरी ०, ५०, १००, २०० आणि ४०० झाडं, असे वेगवेगळे तुकडे. हेक्टरी ४०० म्हणजे एकरी साधारण १६०. पहिली काही वर्षं छान गेली. मग पाइनने वेग घेतला. ४०० झाडांच्या तुकड्यात दहा-बारा वर्षांत चरण्यासारखं जवळजवळ काही उरलं नाही. कमी झाडांच्या तुकड्यांतही गवत वर्षागणिक घटत गेलं. छाटलेल्या फांद्यांचा थर गवतावर पडला, सुयांनी माती आम्ल झाली. लाकडाचंही तसंच. झाडं खूप विरळ असल्याने जाड झाली खरी, पण फांद्या मोठ्या आणि लाकूड हलकं. म्हणजे मेंढीवाल्याचंही समाधान नाही आणि वखारवाल्याचंही नाही.

मग बहुतेक शेतकऱ्यांनी काय केलं? उताराच्या वाईट तुकड्यावर नुसता पाइन आणि चांगल्या तुकड्यावर नुसतं कुरण, अशी सरळ वाटणी केली. अलीकडच्या वर्षांत तिथे कार्बनच्या किमतीमुळे मेंढ्यांची अख्खी फार्म पाइनखाली गेली आणि गावं ओस पडण्याची भीती लोक बोलून दाखवतात. 'दोन्ही एकत्र' या कल्पनेवरचा विश्वास तेव्हा उडाला, त्याची किंमत आता मोजली जाते आहे, असं आम्हाला वाटतं.

यातून धडा काय घ्यायचा? त्या प्रयोगात झाडं सारख्या अंतराने पसरलेली होती, जात दाट छत्राची होती आणि वाढ प्रचंड वेगाची होती. जोडओळी, रुंद पट्टे आणि वेळेवरची विरळणी ही नंतरची उत्तरं आहेत. ब्राझीलमध्ये याच उत्तरावर पुढचं काम झालं. तिथल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने निलगिरीच्या ओळींमधे १४ मीटर आणि २२ मीटर असे रुंद पट्टे ठेवून तुलना केली. झाडांमधलं अंतर २ मीटर, म्हणजे हेक्टरी ३५७ आणि २२७ झाडं. त्या पट्ट्यांत चरणारी नेलोर गुरं, तीही मूळची आंध्रातली. तिथेही निष्कर्ष तोच: सावली वाढली की गवत घटतं, म्हणून पट्टा रुंद ठेवा आणि झाडं वेळेवर काढा.

धोका कोणाच्या माथी?

१० ऑक्टोबर २०१८ रोजी मायकेल नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडाच्या उत्तर टोकाला धडकलं. फ्लोरिडाच्या वनखात्याच्या अंदाजानुसार सुमारे २८ लाख एकरांवरच्या लाकडाला फटका बसला आणि नुकसान १.३ अब्ज डॉलर इतकं. मुदत पूर्ण व्हायला दोन-चार वर्षं उरलेली झाडं एका दुपारी काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. उभ्या पाइनवर निवृत्तीची आशा ठेवलेल्या कुटुंबांचं काय झालं असेल, याची कल्पना करा. मोडलेलं लाकूड काढायलाच पैसे लागतात, आणि सगळ्यांचं एकदम बाजारात आलं की भाव मातीमोल.

वनकुरण वादळ थांबवत नाही. उलट नुकतीच विरळणी केलेली झाडं वाऱ्यात जास्त पडतात, हेही खरं. पण ज्याच्याकडे गुरंही आहेत, त्याचं पुढच्या वर्षीचं उत्पन्न शून्यावर येत नाही. कुंपण उभं करून तो पुन्हा सुरुवात करू शकतो. एकाच गोष्टीवर सगळं न लावणं, हा या पद्धतीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात साधा फायदा आहे.

आणि आपण?

'मग हे महाराष्ट्रात करावं का?' हा प्रश्न येणारच. आम्ही उत्साहाने 'हो' म्हणणार नाही. तिथल्या पद्धतीला तीन गोष्टींचा आधार आहे: जमीन एकाची, गुरं त्याचीच, आणि झाड तोडायचा निर्णयही त्याचाच.

आपल्याकडे या तिघांची ताटातूट फार आधी झाली. इंग्रजी राजवटीत जंगल कायदे आले, डोंगर आणि गायरानं वनखात्याकडे गेली, आणि शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ही तक्रार स्पष्ट मांडली आहे. सागवान सरकारचं, गुरं शेतकऱ्याची, आणि दोघांच्या मधे गार्ड, ही आपली व्यवस्था तिथून सुरू झाली.

आजही खासगी शेतात साग लावला तर तो तोडायला १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. चोरटी तोड रोखणं हा त्याचा हेतू, तो योग्यच. पण आपण आत्ताच पाहिलं की वनकुरणाचा प्राण वेळेवरच्या विरळणीत आहे. १५ व्या वर्षी निघायचं ते झाड कागदांच्या फेऱ्यात चार वर्षं उभं राहिलं, तर खालचं गवत तोपर्यंत वाट बघत नाही. म्हणून अनेक जण साग दाट लावतात आणि तसाच सोडून देतात. बारीक काठ्यांचं रान होतं, ना धड लाकूड ना चारा.

तरी आपल्याकडे काहीच नाही असं नाही. दख्खनच्या पठारावर बांधावरची आणि ओढ्याकाठची बाभूळ आठवा. तिच्या शेंगा शेळ्यामेंढ्यांना, पाला शेळ्यांना, सावली गुरांना, आणि लाकूड नांगराला आणि गाडीच्या चाकाला. तिची सावली विरळ, त्यामुळे खाली गवत टिकतं. धनगर वाड्यावस्त्यांना हे कोणी शिकवलं नाही. आपण तिला 'काटेरी झाड' म्हणून हिशेबातून वगळलं, एवढंच. सुरुवात करायची असेल तर ती परदेशी पाइन आणून होणार नाही. आपल्या पडीक जमिनीत कोणतं झाड विरळ सावली देतं, कोणतं गवत त्याखाली टिकतं आणि ते झाड योग्य वेळी काढायची मुभा मालकाला आहे का, या तीन प्रश्नांपासून ती होईल.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "म्हणजे चराईबंदी चुकीची का?" आमचं उत्तर असं: नाही. वनकुरणातही पहिली दोन-तीन वर्षं चराईबंदीच असते. फरक इतकाच की ती उठवण्याचा दिवस आधीच ठरलेला असतो, आणि उठल्यावर किती गुरं, किती दिवस, हेही ठरलेलं असतं. बंदी घालणं तुलनेने सोपं आहे. ती नेमकी केव्हा आणि कशी उठवायची, याचा हिशेब गावाने मांडायला शिकणं अवघड आहे.

दुसरा प्रश्न होता, "दहा एकरांचा शेतकरी काय करेल?" दहा एकरांवर फ्लोरिडाची नक्कल करू नये. एका एकरात दोन ओळी लावून बघाव्यात, मधे आपलं नेहमीचं गवत ठेवावं, तीन वर्षं कापून आणावं, आणि दरवर्षी एकाच महिन्यात ओळीजवळचं आणि पट्ट्याच्या मधलं गवत वेगवेगळं तोलून वहीत लिहावं. ज्या वर्षी ओळीजवळचा आकडा मधल्याच्या निम्म्यावर येईल, ते विरळणीचं वर्ष. आणि झाडं लावायच्या आधी ती तोडण्याच्या परवानगीची चौकशी तलाठी आणि वनखात्याकडे करून ठेवावी.

आज इथे थांबू.